म्हाळूनं ध्यानात ठेवलं

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. गावात बाकीचे सगळे शहाणे होते, म्हणून भोळा एकच पुरत होता. म्हाळू अंगानं आडदांड. दोन पोती एकदम खांद्यावर घ्यायचा. डोक्यात मात्र एका वेळी एकच गोष्ट मावायची. ती एकदा आत गेली की दुसरी येऊन ढकलेपर्यंत हलायची नाही.

घरात चार माणसं. म्हाळू, त्याची बायको कौसा, त्याची आई सोनाबाई आणि थोरले चुलते दगडूनाना. नाना घरातले कर्ते होते. कर्ते म्हणजे काय करायचे, ते कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी ओसरीवर बसायचे, ढेकर द्यायचे आणि सांगायचे. पोटात गॅस धरलाय हे एक सांगायचे, आणि बाकीच्यांनी कसं वागावं हे दुसरं. नानांना स्वतःचं जेवण पचत नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याचं मात्र बरोबर पचायचं.

जेवायची रीत ठरलेली होती. आधी नाना, आणि नानांबरोबर त्या दिवशी ओसरीवर जो कोणी तंबाखू मळत बसला असेल तो. मग म्हाळू. मग सोनाबाई. मग कौसा. कौसाची पाळी यायची तोवर टोपल्यात भाकरीचा तुकडा आणि पातेल्यात डाळीचा वास उरलेला असायचा. ही रीत कुणी घातली ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यानं घातली तो पहिल्यांदा जेवत असणार, एवढं नक्की. म्हाळूही कौसाच्या आधी जेवायचा. त्याला कुणी वेगळं सांगितलं नव्हतं.

कौसाला दिवस गेले. पाचवा महिना लागला. पाण्याची घागर आणताना ती वाटेत दोनदा टेकायची. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की भात्यासारखी धापायची. आणि एकदा म्हाळूनं पाहिलं, ती चुलीमागच्या भिंतीची माती नखानं खरवडून तोंडात टाकत होती.

म्हाळू आईकडे गेला.

"आये, कौसा माती खातीया."

सोनाबाई धान्य पाखडत होती. तिनं मानही वर केली नाही. "डोहाळे असत्यात. बायकूला जे खावंसं वाटतं ते नवऱ्यानं आणून द्यावं. न्हाईतर पोराची लाळ गळती जलमभर."

"आसं व्हय," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. संध्याकाळी तो रानातून तीन पाट्या घेऊन आला. एकीत काळी माती, एकीत तांबडी, एकीत चुनखडीची पांढरी. तिन्ही चाळलेल्या, खडे वेचलेल्या. त्यानं त्या कौसापुढे ओळीनं मांडल्या.

"जरा चाखून बघ. आवडंल ती उद्या गाडीभर आणतो."

कौसा पाट्यांकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती तांबड्या मातीच्या पाटीवरच आडवी झाली.

म्हाळूनं तिला उचललं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कौसाचं बोट टोचलं, रक्त तपासलं आणि विचारलं, "माती कधीपासून खातेय ही?"

"तशी लई दिवस खाती. तीन जातीची आजपासून."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "हिचं रक्त सातावर आलंय. दहाच्या वर पाहिजे. अंगात लोह कमी झालं की माती खावीशी वाटते. हे डोहाळे नाहीत, दुखणं आहे. बाळंतपणात सगळ्याच बायकांचं रक्त जातं. हिच्याकडे जायला रक्तच नाही. असंच राहिलं तर ही तुम्हाला दिसणार नाही. कळतंय का?"

म्हाळूला बाकीचं कळलं नाही, शेवटचं कळलं. गावात त्याला सगळे येडा म्हणायचे. कौसा 'अवो' म्हणायची. ती नसली तर त्याला 'अवो' म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

बाईंनी गोळ्यांची पाकिटं त्याच्या हातात दिली आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "रोज रात्री जेवण झालं की एक गोळी घ्यायची. वर लिंबाचं पाणी. चहाबरोबर घ्यायची नाही. एक दिवस चुकवायची नाही."

"आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

त्यानं ठेवलं. महिनाभर रोज रात्री जेवण झालं की म्हाळू एक गोळी घ्यायचा. वर लिंबू पिळलेलं पाणी प्यायचा. बाई त्याच्याकडे बघून बोलल्या होत्या. त्यानं चहासुद्धा सोडला.

महिन्यानं दोघं पुन्हा दवाखान्यात गेले. कौसाचं रक्त होतं तिथेच होतं.

"गोळ्या रोज घेतल्या ना?" बाईंनी विचारलं.

"एक दिवस चुकवली न्हाई बाई. पण परसाकडं काळं व्हतंय. आन दगडावानी. घंटाभर बसावं लागतंय."

"तसं होतं, घाबरायचं नाही. कौसाताई, पाणी जास्त पीत जा."

"तिनं कशाला?" म्हाळू म्हणाला. "व्हतंय मला."

डॉक्टरीणबाई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मग त्या वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "ज्याचं दुखणं, त्यानंच औषध घ्यायचं! दुसऱ्यानं त्या औषधाला हातसुद्धा लावायचा नाही!"

"आसं व्हय," म्हाळू म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. हीच तर पंचाईत होती.

नव्या गोळ्या कौसाच्या हाती आल्या. पण रिकाम्या पोटी गोळी घेतली की तिला मळमळायचं, आणि तिचं पोट रिकामंच असायचं. सोनाबाईनं उपाय सांगितला, "वर घोटभर चहा घे, दाबून बसंल." कौसा चहाबरोबर गोळी घेऊ लागली. म्हाळू बघत बसायचा. महिनाभर त्यानं स्वतः चहा सोडला होता, त्यामुळे चहा नको हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण गोळी तिची होती, आणि दुसऱ्याच्या औषधात आता हात घालायचा नव्हता.

त्याच आठवड्यात म्हशीनं ओला लसूणघास हादडला आणि तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. जनावरांचे डॉक्टर आले, औषधी तेलाची बाटली दिली, "हे ताबडतोब हिच्या पोटात गेलं पाहिजे," म्हणाले आणि फटफटीला किक मारून पुढच्या गावाला गेले.

म्हाळूनं बाटली फडक्यात धरून गोठ्यात नेली. बोट लागू दिलं नाही. झाकण दातानं काढलं. बाटली म्हशीपुढे गव्हाणीत उभी केली.

"घे बाय," तो म्हणाला. "तुझं दुखणं, तुझं औषध."

म्हशीनं बाटलीकडे पाहिलं. मग म्हाळूकडे पाहिलं. म्हाळू समोर उकिडवा बसला.

"घे की. मला हात लावायला बंदी हाय."

म्हैस खाली बसली. तिचे डोळे वर जायला लागले. सोनाबाईनं आरडाओरडा केला तेव्हा दगडूनाना ओसरीवरून उतरले. कौसाला चक्कर आली तेव्हा उतरले नव्हते. पण म्हैस दूध देत होती आणि नाना ते पीत होते.

"आरं ए येड्या! औषध पाजलंस का न्हाई?"

"ती घेईना, नाना."

"घेईना? दुखणेकऱ्याला इचारतोस व्हय? त्याला काय कळतंय!" नानांनी बांबूची नळी घेतली. म्हाळूकडून म्हशीची मान वर धरून घेतली, नळी जबड्यात कोंबली आणि सगळं तेल आत ओतलं. "हे आसं! नगं म्हणू दे, पाय झाडू दे, सोडायचं न्हाई. आन मग बसू द्यायचं न्हाई. कासरा लावायचा आन पोट मोकळं हुईस्तवर हिंडवायचं. कळलं का?"

"आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

म्हैस वाचली. नानांनी त्या रात्री खरवस नसताना खरवसाची आठवण काढली आणि दोन तांबे दूध प्याले.

पुढे नाना शेजारच्या गावी बारशाला गेले. पोट बिघडलेल्या माणसानं जिलेबी किती खावी याला काही धरबंध असतो. नानांना नव्हता. परत आले ते पोटाला दोन्ही हातांनी धरून. ओसरीवर आडवे झाले. पोट वर आलेलं, डोळे वर गेलेले.

"मेलो रं मेलो. म्हाळ्या, कपाटातनं एरंडेलाची बाटली आण."

म्हाळूनं बाटली आणली. नानांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. "ह्या! आता नगं. सकाळच्याला बघू."

म्हाळूनं नानांच्या पोटाकडे पाहिलं. डावी बाजू ढोलासारखी होती. दुखणेकरी नको म्हणत होता. सगळं तंतोतंत जुळत होतं.

तो गोठ्यात गेला आणि बांबूची नळी घेऊन आला.

नानांनी पाय झाडले. म्हाळूनं सोडलं नाही. नानांनी नळीतून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. ते एरंडेलाबरोबर आत गेलं. बाटली रिकामी झाली तेव्हा म्हाळूनं नानांच्या कमरेला कासरा बांधला आणि त्यांना गावात काढलं.

"ल्येका... सोड... लोकं बघत्यात..."

"बसायचं न्हाई, नाना. पोट मोकळं हुईस्तवर."

मारुतीच्या देवळापासून पिंपळाच्या पारापर्यंत आणि पारापासून पुन्हा देवळापर्यंत. बायका दारात आल्या. पोरं मागं लागली. तिसऱ्या फेरीला ग्रामपंचायतीच्या कार्यालयासमोर नानांचं पोट मोकळं झालं. आत सभा चालू होती. सभा तहकूब झाली.

नानांना जुलाब लागले ते थांबेनात. ओठ सुकले, डोळे खोल गेले. म्हाळूनंच त्यांना पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी नानांना तपासलं, कासऱ्याचा वळ पाहिला, म्हाळूकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. शिकलेली माणसं काही बाबतीत लवकर शहाणी होतात.

"अंगातलं पाणी गेलंय," त्या म्हणाल्या. "जेवढं जातं तेवढं लगेच भरून काढायचं. नुसत्या पाण्यानं नाही. लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जेवढं बाहेर गेलं, तेवढं आत घातलं पाहिजे. थांबायचं नाही."

"आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

या वेळी म्हाळूनं खरंच नीट केलं. नाना दोन दिवसांत उठून बसले. तिसऱ्या दिवशी भज्यांची फर्माईश केली. नानांचं झालं. पण म्हाळूच्या डोक्यातली गोष्ट डोक्यातच होती. तिला ढकलणारी दुसरी अजून आली नव्हती.

त्या रात्री त्यानं जेवताना पातेल्याकडे पाहिलं. नानांनी आमटीच्या तीन वाट्या घेतल्या. पाहुण्यानं दोन. त्यानं स्वतः दोन. सोनाबाईनं एक. पातेल्यातलं जात चाललं होतं. आणि कौसा अजून जेवायची होती. जेवढं गेलं तेवढं भरून काढायचं.

तो उठला. पातेल्यात पाणी ओतलं. सहा चमचे साखर घातली. अर्धा चमचा मीठ घातलं. ढवळलं. पातेलं पुन्हा काठोकाठ झालं. कौसाच्या वाट्याला पहिल्यांदाच पातेलंभर आमटी आली. तिनं ती खाल्ली. म्हाळूला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. मग रोजच.

एकदा नाना बाजाराला गेले आणि वाटेत कुणाला तरी उपदेश करत बसल्यामुळे उशिरा आले. सगळ्यांची जेवणं झाली होती. कौसानं स्वतःसाठी ताट वाढून घेतलं होतं, ते नानांनी ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा ते पातेल्यातलं शेवटचं जेवायला बसले. एक घास घेतला आणि भिंतीवर उडवला.

"ही आमटी हाय का जुलाबाचं पाणी?"

"दोन्ही," म्हाळू म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. गेलं किती आणि भरलं किती. सोनाबाईनं कपाळाला हात लावला आणि राग कौसावर काढला. घरात राग काढायची जागा ठरलेली होती. "आगं भवाने, रोज गिळतीयास, तुला एकदा तोंड उघडाय येत न्हाई?"

कौसा म्हणाली, "मला वाटलं, आत्याबाई, शेवटची आमटी आशीच लागत आसंल."

नाना बोलले. "माझं पोट पुन्यांदा बिघडलं आसतं म्हंजे?"

सातव्या महिन्यात कौसाला पुन्हा दवाखान्यात नेलं. तिचे पाय सुजले होते. ओठ चुन्यासारखे झाले होते. रक्त सातावरून खाली घसरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हाळूला ओरडल्या नाहीत, तेव्हा म्हाळू घाबरला.

"कौसाताई, तुम्ही जेवता काय?" बाईंनी विचारलं.

"आसंल ते."

"आणि जेवता कधी?"

"सगळ्यांचं झालं की."

"पालेभाजी? मटकी? अंडं?"

"नाना म्हनत्यात अंडं उष्ण. पालेभाजीनं पोराला हगवण लागती. आन लई खाल्लं तर पोर मोठं हुतं, बाळंतपण अडतं. कमी खावं."

"नाना किती वेळा बाळंत झालेत?" बाईंनी विचारलं.

म्हाळू विचार करू लागला.

बाईंनी त्याला जवळ बोलावलं. कौसाच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढली. "बघा. हे आतून डाळिंबासारखं लाल पाहिजे. कसं दिसतंय?"

"कागदावानी."

"बरोबर. आता एकच गोष्ट सांगते, एवढी लक्षात ठेवा. जिची पापणी आतून अशी पांढरी, ती आधी जेवणार. पोटभर. गरम. ती जेवून उठल्याशिवाय दुसऱ्या कुणीही ताटाला हात लावायचा नाही. घरातला कितीही मोठा माणूस असो. ज्याची लाल आहे तो थांबला तर मरत नाही. ही मरेल. समजलं?"

म्हाळूनं मान हलवली. त्याच्या डोक्यातली साखर आणि मीठ बाहेर पडलं आणि हे आत जाऊन बसलं.

"आता ध्यानात ठेवतो," तो म्हणाला. 'आसं व्हय' म्हणायला तो विसरला.

दुसऱ्या दिवशी कौसाचं डोहाळजेवण होतं.

डोहाळजेवण नानांनी ठरवलं होतं. ग्रामपंचायतीसमोर जे झालं ते गावानं विसरावं म्हणून त्यांना गावजेवणच घालायचं होतं, कौसा निमित्ताला मिळाली. अंगणात मांडव पडला. पुरण शिजलं. मटकीची उसळ, मेथीची भाजी, भात, आमटी, भजी. कढया चुलींवर चढल्या. गावातल्या बायका पहाटेपासून राबत होत्या. कौसाला हिरवं लुगडं नेसवलं, फुलांचे दागिने घातले आणि सजवलेल्या झोपाळ्यावर बसवलं. बायका येता-जाता तिच्याभोवती गाणी म्हणत होत्या. गाणी सगळी खाण्याची होती. हिला काय खावंसं वाटतं, कैरी की पेरू, पेढा की बर्फी. सकाळपासून तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं.

उन्हं डोक्यावर आली. पहिली पंगत बसली. पहिल्या पंगतीला नाना, सरपंच, नानांचे तंबाखूचे सोबती आणि गावातली यच्चयावत मोठी माणसं. मोठी माणसं म्हणजे जी जेवायच्या वेळेला मोठी होतात ती. त्यानंतर पाहुणे बसणार होते. मग तरणी पोरं. मग लेकरं. मग म्हाताऱ्या. मग रांधणाऱ्या. आणि जिचं डोहाळजेवण ती, सगळ्यांचं उरकल्यावर.

पत्रावळी वाढून झाल्या. नानांनी पहिला घास उचलला, पत्रावळीतल्या पोळीवर तुपाची धार पडत होती. तेवढ्यात झोपाळ्यावर कौसा एका अंगाला कलली. शेजारच्या बाईनं तिला सावरलं.

म्हाळूनं ते पाहिलं.

तो पंगतीत शिरला. नानांच्या हातातला घास त्यानं काढून घेतला आणि पत्रावळीत ठेवला.

"थांबायचं," तो म्हणाला.

"काय रं?"

"पांढरी हाय ती आधी. लाल हाय त्यो मरत न्हाई."

कुणाला काही कळलं नाही. म्हाळूनं वाढप्यांच्या हातातल्या बादल्या काढल्या. पुरणपोळ्यांची दुरडी उचलली, भाताचं तपेलं उचललं, एका हाताला एक, आणि सगळं माजघरात नेलं. कौसाला झोपाळ्यावरून आणून मधोमध पाटावर बसवलं. वाढलं. स्वतः समोर बसला.

"खा. आता कुणी न्हाई म्हागं."

कौसानं दाराकडे पाहिलं. दारात सासू उभी होती. मग तिनं पोळीकडे पाहिलं. पोळीतून वाफ येत होती. गरम पोळी ताटात आल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मेथीची भाजी मागून घेतली. उसळ मागून घेतली. फुलांचा बाजूबंद घासात यायला लागला तेव्हा तो काढून ठेवला.

बाहेर चुळबुळ चालू झाली. म्हाळू मात्र आता चुलीजवळच्या बायकांकडे बघत होता. बाईंनी जिची पांढरी म्हटलं होतं. कौसाचं नाव घेतलं नव्हतं.

"कौसा, तुझं झालं की ह्या बायांच्या पापण्या बघ," तो म्हणाला. "मी कसा हात लावू."

कौसानं हात धुतले. पहिलीची पापणी खाली ओढली. बाया हसल्या. "पांढरी," कौसा म्हणाली. दुसरीची ओढली. "ही बी." तिसरीची बघितली, चौथीची बघितली. हसणं कमी कमी होत गेलं. ज्या पोळ्या लाटत होत्या त्या, ज्या भजी तळत होत्या त्या, ज्यांनी खाण्याची गाणी म्हटली होती त्या. सगळ्या कागदावानी. म्हाळू एकेकीला पाटावर बसवत गेला आणि वाढत गेला.

सोनाबाई दारातून ओरडली, "मोडलीस रं माझी अब्रू, म्हाळ्या! पुरुषमाणसं उपाशी आन बाया..."

कौसा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. हात वर केला, पण थबकली. सासूच्या अंगाला तिनं कधी हात लावला नव्हता, पाय दाबायचे सोडून. मग हलकेच पापणी खाली ओढली.

तिनं दुसऱ्या डोळ्याचीही ओढून बघितली.

"अवो," तिनं म्हाळूला हाक मारली. "आत्याबाईंची माझ्यापरास पांढरी."

सोनाबाई काहीतरी बोलायला गेली. कौसानं तिचा दंड धरून तिला पाटावर बसवलं. सोनाबाई या घरात सून म्हणून आली तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी मागून जेवत होती. नंतर ती शेवटून दुसरी झाली. बढती एवढीच मिळाली होती. तिनं गरम आमटीचा भुरका मारला. डोळ्यांतून पाणी आलं. तिखट होती.

"जरा भात घाल," ती म्हणाली.

बाहेर मोठ्या माणसांचा धीर सुटला. सरपंच म्हणाले, हा पंचायतीचा अपमान आहे. कुणी म्हणालं, पोटात आम्ल चढलं. कुणी म्हणालं, आमच्या वेळी असं नव्हतं, आणि ते खरंच होतं. नाना काठी आपटत माजघराच्या दारात आले.

"आरं नालायका! सगळा गाव पत्रावळीवर बसवून ठिवलाय! भूक लागलीय आम्हास्नी, भूक!"

"लागंल," म्हाळू म्हणाला. पण तो अन्याय करणारा माणूस नव्हता. तो पंगतीत गेला आणि एका टोकाकडून सगळ्यांच्या पापण्या बघायला लागला. लाल. लाल. लाल. सरपंचांची लाल. तंबाखूच्या सोबत्यांची लाल. पार टोकाला शिदूबाबा बसले होते, ते एकटे राहायचे आणि दिवसातून एकदाच रांधायचे. त्यांची पांढरी निघाली. म्हाळूनं त्यांना हाताला धरून आत बायकांच्या पंगतीत बसवलं.

मग तो नानांसमोर उभा राहिला. नानांचं डोकं एका हातानं धरलं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पापणी खाली ओढली आणि वाकून, उजेडाकडे वळवून, नीट बघितलं.

"नाना," तो म्हणाला, "तुमची तर मिरचीसारखी लाल हाय. तुम्हाला लई दिवस काय नगं."

आणि त्यानं नानांची वाढलेली पत्रावळ उचलली, तूप न सांडता आत नेली. आत अजून दोघी जेवायच्या उरल्या होत्या.